माझ्या पोरीच्या नावाआधी

"आजी, तुमचं काय काय प्रकाशित झालंय?"

डोंबिवलीतला हॉल. कार्यक्रमाला वेळ होता म्हणून खुर्च्या गोल मांडल्या होत्या. काव्यस्पर्धेत निवडलेले सगळे बसलेले. एकेकाने उभं राहून ओळख करून द्यायची होती. आधी नाव, मग पुस्तकं. कुणाचे कवितासंग्रह निघालेले, कुणाच्या कविता दिवाळी अंकांत आलेल्या. बँकेतून रिटायर झालेल्या एक बाई स्वतःचं पुस्तक पिशवीतून घेऊन आल्या होत्या. ते हातोहात फिरलं. माझ्या हातात आलं तेव्हा शेजारचा म्हणाला, "पुढे द्या, आजी." मी अजून उघडलंही नव्हतं.

मग सरांनी मला विचारलं. सर म्हणजे स्पर्धा भरवणारे.

मी म्हणाले, "फ्लेक्सवर."

"कशावर?"

"फ्लेक्सवर. चौकात लागतात ते. कल्याणला, मोहन्याला, तिकडे शीळफाट्यापर्यंत."

आधी एक जण हसला. मग सगळेच. बँकेच्या बाईंना तर पाणी आलं डोळ्यांत. "म्हणजे, आमच्या लाडक्या भाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा?"

"नाही," मी म्हणाले. "मी मेलेल्यांचे लिहिते."

हसू अडकलं. कुणीतरी खोकलं. वाटलं, संपलं. तेवढ्यात कोपऱ्यातला एक चष्मेवाला म्हणाला, "बरंय की. तुमचे नायक तक्रार करायला येत नाहीत."

पुन्हा हसले. या वेळी जास्त मोकळेपणी. मीही खाली बसले. त्याला काय माहीत.

येतात.

मी मोहन्याला राहते. पत्र्याची खोली आहे. पत्रा गळतो म्हणून खालून फ्लेक्स ताणलाय. आमच्या वस्तीत बहुतेक घरांना असाच असतो. कार्यक्रम झाला, निवडणूक झाली, माणूस मरून महिना झाला, की फ्लेक्स उतरतो आणि कुणाच्या तरी डोक्यावर येतो. माझ्या डोक्यावर कुणाचे तरी वडील आहेत. पूर्ण नाहीत. कपाळ, एक डोळा, अर्धी मिशी. त्यांचं मी लिहिलेलं नाही. मला त्यांचं नावही माहीत नाही, नावाचा भाग कापला गेलाय. पण मी आडवी पडले की ते बघतात.

शाळा माझी चौथीपर्यंत. पुढे कामं. नवरा लवकर गेला. लोकांच्या घरची भांडी घासली, मग जिने झाडले, मग महेंद्रच्या फ्लेक्सच्या दुकानात झाडू मारायला लागले. महेंद्र आमच्याच वस्तीतला, मला मावशी म्हणतो. फ्लेक्सवर जो मजकूर छापायचा त्याला दुकानात मॅटर म्हणतात. श्रद्धांजलीचं मॅटर महेंद्रकडे तयारच असायचं. माणूस कुणीही मरो, शांत, प्रेमळ, मायाळू. सगळ्यांच्या जाण्याने पोकळी निर्माण व्हायची.

एक दिवस एक बाई आली. सुकट विकणाऱ्या घरातली. आई गेलेली. महेंद्रने मॅटर वाचून दाखवलं तशी ती भडकली.

"कोण प्रेमल? माजी आय? अख्ख्या बाजाराला शिव्या घालायची ती!"

मी केर भरत होते. तिथूनच म्हणाले, "मग तेच लिहा की."

दोघेही माझ्याकडे बघायला लागले. मग ती म्हणाली, "तूच सांग काय लिहायचं." मी तिला बसवलं. आई काय बोलायची, कशावर चिडायची, कुणाला उधार द्यायची, सगळं काढून घेतलं. आणि सांगितलं:

शिवी दिल्याशिवाय तुझा तराजू हलला नाही,
उपाशी माणूस तुझ्यापुढून रिकामा गेला नाही.

तो फ्लेक्स बाजारात लागला. बायका खाली उभ्या राहून रडल्या आणि हसल्या. तेव्हापासून लोक दुकानात यायचे आणि विचारायचे, ती मावशी आहे का?

माझी पद्धत एकच. मी मेलेल्याचे गुण विचारत नाही. गुण सगळे खोटे सांगतात. मी विचारते, घरात शिरल्यावर पहिलं काय बोलायचा? जेवताना कशावरून भांडायचा? मग आपोआप तो माणूस समोर येऊन बसतो. आणि एक गोष्ट मी कधी केली नाही. नावाआधीचा शब्द मी कधी माझ्या मनाने घातला नाही. हिंदू घर असेल तर कै. म्हणजे कैलासवासी. मुसलमान असेल तर मरहूम. आम्ही बौद्ध. आमच्यात कालकथित लिहितात. आमच्यात स्वर्ग नाही, कैलास नाही. माणसाचा काळ संपला, तो गेला, एवढंच आम्ही म्हणतो. ज्याचं मेलं त्याचा शब्द. मला काय वाटतं ते कुणी विचारत नाही, मीही सांगत नाही.

ज्यांचं लिहिलं ते नंतर दिसतात. बाजारात पाठमोरी बाई दिसते, वाटतं सुकटवालीच. रिक्षाच्या रांगेत एक जण मान खाजवत उभा असतो, त्याच्या बायकोने मला सांगितलेलं असतं की असाच खाजवायचा. मी भूत म्हणत नाही. आमच्या धम्मात भूत बसत नाही. मी मानत नाही. मी मानत नाही आणि ते येतात, त्याला मी काय करू?

माझी मुलगी सुजाता. एकुलती. ती त्याच दुकानात कॉम्प्युटरवर बसायची. मी तोंडाने सांगायचे, ती टाईप करायची. बारावी झालेली, नंतर बाहेरून बी.ए. केलं. दुकानात काम नसलं की ती स्वतःचं लिहायची. कथा. तिला लेखक व्हायचं होतं. मी म्हणायचे, व्हायचं काय असतं त्यात, लिहितेस ना? ती म्हणायची, "तुला नाही कळणार गं आई. छापून यावं लागतं."

तिचं अर्धं डोकं स्पर्धांत असायचं. फोनवर कितीतरी ग्रुप. कथास्पर्धा, काव्यस्पर्धा, पत्रलेखन, अमक्या दिवाळी अंकासाठी साहित्य पाठवा, नवोदितांना संधी. जेवता जेवता सांगायची, "आई, याची अंतिम तारीख उद्या आहे." ताटावरून उठायची. बाकीच्या पोरी सण मोजतात, ही अंतिम तारखा मोजायची. पाठवायची. बहुतेक ठिकाणाहून काहीच यायचं नाही. कधीतरी साभार परत. आभार मानून परत करतात म्हणजे काय ते मला कधी समजलं नाही.

एकदा ठाण्याला एका जाहिरातीच्या ऑफिसात लिहिणारी माणसं हवी होती. ती गेली. त्यांनी लिहायला दिलं, तिने लिहिलं, त्यांना आवडलं. मग विचारलं, राहता कुठे? घरी कोण काय करतं? आई काय शिकली? आडनाव पुन्हा एकदा सांगाल का? मग म्हणाले, लिहिण्याची जागा भरली, टायपिंगची आहे, बघा. ती घरी येऊन पाणी प्यायली आणि म्हणाली, "आडनाव पुन्हा कशाला विचारतात गं? ऐकू येत नाही का त्यांना?"

त्यानंतर तिने एक कथा नुसती सुजाता या नावाने पाठवली. आडनाव नाही. ती छापून आली. छोटंसं मासिक होतं. मी म्हटलं, एका वेळेवरून काय कळतं? तिने ऐकलं नाही. तिचं पक्कं झालं. "आई, आडनाव टाकलं की नंबर येत नाही. आपल्यातलं काही दिसलं नाही पाहिजे. जय भीम, विहार, वस्ती, काही नाही." मग ती तसंच लिहायला लागली. तिच्या कथांतल्या पोरी वाड्यांत, फ्लॅटांत राहायला लागल्या. त्यांच्या घरी देवघर असायचं. आमच्या घरात कधी देवघर नव्हतं. तरी पुन्हा काही छापून आलं नाही. तिला वाटायचं, अजून काहीतरी दिसत असेल.

ती डेंग्यूने गेली. ताप, हॉस्पिटल, रक्ताच्या पिशव्या. जास्त सांगण्यासारखं नाही. सगळ्यांच्या घरी होतं तसंच झालं.

महेंद्र म्हणाला, "मावशी, मॅटर?" आणि लगेच तोंड फिरवून उभा राहिला. मी सुजाताच्या खुर्चीत बसले. दुसऱ्याच्या मेलेल्याला मी चार प्रश्न विचारते. इथे मी कुणाला विचारणार? घरात शिरल्यावर ती पहिलं काय बोलायची ते मलाच माहीत. "आई, काही आलं का?" पोस्टातून काही आलं का, असं.

मी सांगितलं, महेंद्रने टाईप केलं:

कालकथित सुजाता किसन साळवे

सगळ्यांची अंतिम तारीख तुला पाठ,
ही एक कुणी कळवली नाही.
कागदावर नाव यावं म्हणून जागलीस,
आज चौकात आलंय, तू बघायला नाहीस.

गेलेल्या माणसासाठी आमच्यात पुण्यानुमोदन करतात, त्या दिवशी तो फ्लेक्स वस्तीच्या तोंडाशी लागला. पांढऱ्या साड्या नेसून बायका आल्या. वंदना झाली. लोक थांबून वाचायचे. सुजाताचं पूर्ण नाव, एवढ्या मोठ्या अक्षरात, पहिल्यांदाच.

मग कुणी मोठा माणूस कल्याणला यायचा होता. रस्ते साफ करायला गाडी आली आणि सगळे फ्लेक्स ओढून काढले. वाढदिवसाचे, श्रद्धांजलीचे, क्लासचे, सगळे एका ढिगात. मी गेले तोवर ढीगही नव्हता.

पुढच्या पावसाळ्यात मी एका कामाला शीळफाट्याला गेले होते. रस्त्याकडेला भज्यांची गाडी. वर फ्लेक्सचं छप्पर. मी आडोशाला उभी राहिले आणि वर बघितलं. सुजाता. उलटी. हनुवटी वर, कपाळ खाली. तळणाचा धूर सगळा तिच्या तोंडावर. माझ्या ओळींतली 'तू बघायला नाहीस' एवढंच दिसत होतं, बाकी पलीकडे दुमडलं होतं.

भजीवाला म्हातारा म्हणाला, "काय देऊ, ताई?"

मी म्हणाले, "काही नको."

मागितला नाही मी फ्लेक्स. काय करणार होते आणून? माझ्याकडे आधीच एक जण आहे वर. पण चालताना ती माझ्या मागून चालायला लागली. त्या दिवसापासून सुजाता बोलू लागली. भांडी घासताना, भाकरी थापताना. जिवंतपणी बोलायची तेच. आई, काही आलं का?

तेव्हा मी ठरवलं. चौकात नको. कागदावर. पुस्तकात. पुस्तक कुणी छपरावर घालत नाही. पोरीचं नाव एकदा पुस्तकात छापलं जावं, ती गप्प होईल. मला दुसरं काही नको होतं. शाल नको, नंबर नको.

तिचा फोन मी बंद केलेला नाही. त्यावर अजून त्या सगळ्या ग्रुपचे मेसेज येतात. ती मेलेली त्यांना माहीत नाही. साहित्य पाठवा. प्रवेशिका मागवत आहोत. अंतिम तारीख. त्यातच डोंबिवलीच्या स्पर्धेचा मेसेज आला. सरांच्या आई वारल्या होत्या, त्यांच्या स्मृतीसाठी स्पर्धा. विषय, गेलेल्या माणसाची आठवण. निवडलेल्या कविता पुस्तकात छापणार. त्या आईंच्या नावाआधी कै. लिहिलं होतं. बरोबरच आहे. त्यांचा शब्द.

मी सुजाताचं मॅटर घेतलं. पुढे आणखी ओळी जोडल्या. फ्लेक्सवर जागा कमी असते, कागदावर भरपूर. वर तसंच लिहिलं, कालकथित सुजाता किसन साळवे. लिहिताना ती मागून म्हणाली, "आई, आडनाव नको. कालकथित नको. नुसतं सुजाता लिही. नंबर येणार नाही."

महेंद्रही तेच म्हणाला. "मावशी, तेवढं उडव ना. कुणाला कळणार आहे? छापून येण्याशी मतलब."

मी काही उडवलं नाही. पाठवलं.

फोन आला. एक मॅडम होत्या. "आजी, किती भाबडं लिहिलंय हो तुम्ही! किती निरागस! आम्ही सगळे रडलो." कविता पुस्तकात घेतली होती. कार्यक्रमाला यायचं, स्टेजवर वाचायची. भाबडं मला आवडलं नाही. पण पुस्तकात घेतली म्हटल्यावर मी बाकीचं गिळलं. महेंद्रने पेढे वाटले. वस्तीत सगळीकडे झालं, सुजाताचं पुस्तकात आलं.

तर त्या हॉलमध्ये हसून झाल्यावर चहा आला आणि पुस्तकं वाटली. गुळगुळीत कव्हर. पहिल्याच पानावर सरांच्या आईचा फोटो, हार घातलेला. मी पानं उलटत गेले. माझं नाव सापडलं. त्याच्या खाली:

कै. सुजाता

बस, एवढंच. कालकथित नाही. किसन नाही. साळवे नाही. बाप गेला, आडनाव गेलं, धम्म गेला. राहिली एक सुजाता, कुणाचीही. आणि खाली, 'आज चौकात आलंय'च्या जागी 'आज चांदण्यांत लिहिलंय.'

माझी पोरगी चांदण्यांत नाही. ती शीळफाट्याला भज्यांच्या गाडीवर उलटी आहे.

मी पुस्तक घेऊन सरांकडे गेले. ते हार मोजून घेत होते. मी पान दाखवलं.

"हे बदललं कुणी?"

"थोडं संपादन केलं, आजी. सगळ्यांचंच करतो."

"हे कै. कुठून आलं?"

ते हसले. चांगलं हसले, रागाने नाही. "अहो, तो तुमचा शब्द आमच्या वाचकांना कळत नाही. अडखळतात. आणि आडनाव अशासाठी काढलं की आम्ही इथे जातपात आणत नाही. कविता ही कविता असते."

"बाकीच्यांची आडनावं आहेत."

"आजी..."

"बँकेच्या बाईंच्या आईचं आहे. चष्मेवाल्यांच्या वडिलांचं आहे. ही बघा."

सरांनी घड्याळ बघितलं. ज्या मॅडमनी मला फोन केला होता त्या जवळ आल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आजी, तुमच्यासाठीच केलं हो. उगाच कुणी पूर्वग्रहाने वाचायला नको. सुजाता कशी, सगळ्यांची वाटते आता."

"ती सगळ्यांची नाही. ती माझी आहे. आणि आमच्यात कैलास नाही. ती कैलासावर राहायला गेलेली नाही."

"तो नुसता शब्द आहे, आजी," सर म्हणाले.

नुसता शब्द. मग मी विचारलं. आधी ठरवलेलं नव्हतं, तोंडातून आलं. "सर, नुसता शब्द आहे तर तुमच्या आईच्या नावाआधीचं कै. काढते मी. कालकथित घालते. चालेल?"

त्यांचा चेहरा बदलला. कपाळावर शीर आली. "आजी, माझ्या आईवर जाऊ नका."

"तुम्ही माझ्या पोरीवर गेलात."

मग मॅडमनी हळूच मला बाजूला घेतलं. पुढच्या आवृत्तीत बघू म्हणाल्या. आता कार्यक्रम सुरू होतोय म्हणाल्या. पाहुणे आलेत. तुमचा नंबर तिसरा आहे. शांत व्हा, पाणी प्या.

मी खुर्चीत बसले. हातात पुस्तक. आणि मागून सुजाता. अगदी कानाशी. "आई, गप बस. वाच आणि ये. आलंय ना पुस्तकात? अर्धं का होईना, आलंय. मला आयुष्यभर जमलं नाही ते झालंय. आता घाण करू नकोस."

ती खरं बोलत होती. तिने जे केलं असतं तेच सांगत होती. ती असती तर तिने हसून शाल घेतली असती, पुस्तकाचं पान फोनवर टाकलं असतं आणि घरी येऊन पाणी प्यायली असती. आणि मग मला विचारलं असतं, आडनाव पुन्हा कशाला विचारतात गं?

तिथे बसल्या बसल्या मला कळलं की माझ्या पोरीला डेंग्यूच्या आधी कुणी कुणी थोडं थोडं मारलं. एकाने आडनाव पुन्हा विचारलं. एकाने साभार परत केलं. आणि शेवटी तिनेच स्वतःला कथेतून बाहेर काढलं, दुसऱ्याचं देवघर आत नेऊन ठेवलं. आता ती मेली, तरी पुरं झालं नव्हतं. उरलेलं या माणसांनी संपादन केलं. कुणी शिवी दिली नाही. कुणी हात लावू नका म्हटलं नाही. खांद्यावर हात ठेवून केलं.

माझं नाव पुकारलं. माईकवरची मुलगी म्हणाली, "आता येतायत आपल्या आजी. चौथी शिकलेल्या. आयुष्यभर कष्ट केलेल्या. आणि बरं का, त्या फ्लेक्सवर लिहितात!" पुन्हा हसू. प्रेमाने वगैरे.

मी वर गेले. सरांनी शाल उघडली. मी हात केला, थांबा. माईक माझ्या तोंडापेक्षा उंच होता. मुलीने खाली केला. समोर सगळे, मांडीवर उघडी पुस्तकं घेऊन.

मी म्हणाले, "पुस्तकात छापलेली कविता माझी नाही. माझ्या मुलीचं नाव कालकथित सुजाता किसन साळवे. आम्ही बौद्ध. मोहन्याच्या वस्तीत राहतो. हे काढून तिला छापलंय. असं छापलेलं मला नको."

आणि पुस्तक टेबलावर ठेवलं.

मग टाळ्या.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतली एक बाई तर उभी राहिली, रुमाल डोळ्यांना लावून. त्यांना तीच कविता वाटली. फ्लेक्सवाल्या आजींची कविता. माईकवरची मुलगी म्हणाली, "वा, किती उत्स्फूर्त!" आणि पुढचं नाव पुकारलं.

मी शाल घेतली नाही. खाली उतरले, चप्पल घातली, बाहेर आले. जिन्यात चष्मेवाला सिगारेट ओढत होता. म्हणाला, "आजी, मस्त सादरीकरण."

कल्याणच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले. शेजारची जागा रिकामी होती. कुणी बसलं नाही.

घरी महेंद्र वाट बघत होता. त्याला सगळं सांगितलं. तो डोकं धरून बसला. "काय केलंस गं मावशी हे? हातातलं पुस्तक टाकून आलीस? पोरगी तरसून मेली त्याच्यासाठी. कै. तर कै. छापलं होतं ना?"

वस्तीतही काही जण तेच म्हणाले. काही म्हणाले, बरं केलंस, पण त्यांच्याही तोंडावर मला दिसलं की सुजाताचं नाव कुठेतरी छापलेलं बघायला त्यांना हवं होतं. मलाही हवं होतं. अजून हवं आहे. माझ्याकडे तिच्या पूर्ण नावाचं एकही छापलेलं पान नाही. ते पुस्तक डोंबिवलीत कुणाकुणाच्या कपाटात असेल. त्यातली सुजाता तिथेच राहील, कैलासावर, चांदण्यांत, आडनावाशिवाय. लोक तिला वाचून डोळे पुसतील. ती मी जन्माला घातलेली नाही.

आणि त्या दिवसापासून माझी सुजाता बोलत नाही. भांडी घासताना नाही, भाकरी थापताना नाही. मी मुद्दाम कान देते. बाकीचे येतात. सुकटवाली येते, मान खाजवणारा येतो. ती नाही. रागावली असेल. मी तिचं ऐकलं नाही. मेलेल्यांचं मी कायम ऐकत आले, पोटच्या पोरीचं ऐकलं नाही. रागावू दे. मी तिची आई आहे, तिची वाचक नाही.

आता ठाण्याची एक स्पर्धा निघाली आहे. मी पाठवणार आहे. पुढे नाशिकची, त्यानंतर दिवाळी अंक. महेंद्र टाईप करायला कंटाळतो, म्हणून हाताने लिहिते. अक्षर वाकडं आहे, वाचता येतं. प्रत्येक कवितेच्या वर मी आता एवढं लिहिते: आतल्या ओळी कापायच्या तर मला विचारून कापा. नावाला हात लावायचा नाही. कालकथित नाही, किसन नाही, साळवे नाही, तर सुजाताही नाही. छापू नका.

परत येईल. येऊ दे. परत आलं की पाकीट बदलून दुसरीकडे. मी मेले तर महेंद्रला सांगून ठेवलंय, तू पाठव. तो म्हणाला, "मावशी, असं कुणी छापणार नाही."

मी म्हणाले, "मग नाही छापणार. पण बदलून तर कुणालाच देणार नाही."